बुश हातात सैल, ब्लॉकमध्ये घट्ट: ॲम्बॅसडरचा कॅमशाफ्ट का बसेना?

पार्श्वभूमी

गाडी १९८० च्या दशकातली ॲम्बॅसडर, १४८९ सीसी पेट्रोल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सीरिज इंजिन हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपारा कारखान्यात वर्षानुवर्षं बनवलं. तीन मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकच्या पोटात, वर पुशरॉड आणि रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग). पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गॅरेजमध्ये ते पूर्ण ओव्हरहॉलला उतरलं होतं. तक्रार नेहमीचीच: इंजिन तापलं की ऑईल प्रेशर खाली जायचं, आणि टॅपेट सेट करूनही रॉकरचा खडखडाट हटत नव्हता. उघडल्यावर दिसलं की कॅमचे दोन लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) चेपले आहेत आणि कॅमच्या तिन्ही बुशमधलं (कॅम ज्यांत फिरतो ती कडी) व्हाइट मेटल, म्हणजे आतला मऊ धातूचा थर, झिजून गेलं आहे.

ठरलं असं: सिलिंडर बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवा कॅमशाफ्ट, नवे टॅपेट आणि नवे कॅम बुश. ब्लॉक बोरिंगला जाऊन आला, धुऊन झाला आणि बुश गॅरेजमध्येच ठोकले गेले. क्रँक आणि पिस्टन अजून बसवले नव्हते. पुढे जे झालं ते पाहता हे नशीबच म्हणायचं.

या इंजिनाचा कॅम पुढून आत जातो. म्हणून तिन्ही जर्नल (कॅमचे बुशमध्ये फिरणारे गोल भाग) पुढून मागे लहान होत जातात. मूळ मापं अशी:

पुढचा जर्नल ४५.४३४ ते ४५.४४७ मिमी, बसवलेला बुश ४५.४७२ ते ४५.४८५.
मधला जर्नल ४३.९१० ते ४३.९२३ मिमी, बसवलेला बुश ४३.९४८ ते ४३.९६१.
मागचा जर्नल ४१.२१८ ते ४१.२३१ मिमी, बसवलेला बुश ४१.२५६ ते ४१.२६९.

म्हणजे तिन्हीकडे क्लिअरन्स (जर्नल आणि बुशमधली मोकळी जागा) एकच, एक ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), साधारण ०.०२५ ते ०.०५ मिमी. यातला ‘बसवलेला’ हा शब्द महत्त्वाचा. ही मापं बुश ब्लॉकमध्ये दाबून, नंतर रीमर (भोक आतून नेमक्या मापाला कापणारं हत्यार) मारून मिळवायची आहेत. कंपनीच्या वर्कशॉप पुस्तिकेत त्यासाठी पायलट (रीमर सरळ धरणारा भाग) असलेल्या रीमरचं स्वतंत्र टूलच दिलेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांनी ते टूल कधी पाहिलेलंही नसतं.

अडचण

दुकानदाराने सेट देताना सांगितलं होतं, ‘रेडी साईज आहे, रीमर लागत नाही. ठोका आणि घाला.’ मिस्त्रींनी खात्री म्हणून नव्या कॅमचा प्रत्येक जर्नल बुशमध्ये हातानेच घालून पाहिला. तिन्ही बुश आरामात गेले, उलट थोडे सैलच वाटले. मग पाइपाचा तुकडा लावून तिन्ही बुश ठोकले, जर्नलना तेल लावलं आणि कॅम आत सोडला.

कॅम बराचसा आत गेला आणि दीड इंच बाहेर असताना अडला. तांब्याच्या हातोडीने हलके ठोके दिल्यावर अर्धा इंच आणखी गेला, मग हलेनाच. फिरायचं तर नावच नाही. बाहेर काढतानाही ताकद लागली, आणि बाहेर आल्यावर पुढच्या जर्नलवर व्हाइट मेटलचा चकचकीत लेप चढलेला होता.

कॅम शेवटच्या टप्प्यातच का अडतो, हे आधी समजून घ्यायला हवं. जर्नलमधलं अंतर आणि बुशमधलं अंतर एकच असल्यामुळे तिन्ही जर्नल आपापल्या बुशमध्ये जवळपास एकाच वेळी शिरतात. तोपर्यंत कॅमला कुठेही टेकावं लागत नाही. म्हणून ‘मस्त चालला होता, अचानक अडला’ या अनुभवातून घट्ट बुश कोणता ते कळतच नाही. एक घट्ट असो की तिन्ही, हाताला सारखंच लागतं.

आधी काय वगळलं

हातोडी बाजूला ठेवून साध्या शंका आधी निकालात काढल्या. टॅपेट सगळे बाहेर होते. डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह स्पिंडल आणि ऑईल पंपही काढलेले होते. यातला एखादा राहिला असता तर त्याचा गिअर कॅमच्या दात्यांना आडवा आला असता, आणि तो अडथळाही हुबेहूब घट्ट बुशसारखाच वाटतो.

मग कॅम स्वतः. जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी, लोबची जागा, ड्राइव्ह गिअर आणि जर्नलमधलं अंतर ताडून पाहिलं, सगळं सारखं. नव्या कॅमचे जर्नल मायक्रोमीटरने ४५.४४, ४३.९१५ आणि ४१.२२५ भरले, म्हणजे मूळ मापात. दोन व्ही-ब्लॉकवर कडेचे जर्नल ठेवून मधल्यावर डायल गेज लावला; पूर्ण फेरीत ०.०२ मिमी फरक. कॅम वाकडा नव्हता. जर्नलच्या कडांना बर (उठलेली धारदार कड) नव्हती.

राहिले बुश. पुढचा आणि मागचा बुश एकेकटा तपासायची सोपी युक्ती आहे. कॅम उलटा धरून त्याचं गिअरकडचं नाक पुढच्या बुशमध्ये समोरून घालायचं. फक्त पुढचा जर्नल आत जातो, बाकी कॅम बाहेर लटकतो. तसंच मागची प्लेट काढून कॅमची शेपटी मागच्या बाजूने मागच्या बुशमध्ये. या चाचणीत पुढचा जर्नल कडेवरच थांबला. मागचा गेला, पण तेल असूनही दाबावा लागला. मधल्यापर्यंत असं पोचता येत नाही. तिथे भोकाचा आतला व्यास मोजणारं बोअर गेजच लागतं.

मोजल्यावर काय निघालं

पुढच्या बुशचा बोअर (आतला व्यास) ४५.४१ भरला, आणि एका जागी ४५.३९. म्हणजे जर्नलपेक्षा तीन ते पाच शतांश मिलिमीटर लहान. मधला ४३.९०, पुढच्या कडेला ४३.८८. मागचा ४१.२३५: जर्नल जाईल एवढा मोठा, पण क्लिअरन्स फक्त ०.०१.

दुकानदार खोटं बोलला म्हणावं, तर हातातल्या बुशमध्ये जर्नल खरंच सैल जात होता. गोम अशी की हा बुश पट्टी गुंडाळून केलेला, जोड असलेला असतो. मोकळा असताना जोड किंचित उघडतो आणि बोअर मोठा दिसतो. ब्लॉकमध्ये दाबला की जोड मिटतो, बाहेरचा घट्टपणा आत उतरतो आणि बोअर आवळतो. किती आवळेल हे ब्लॉकच्या भोकावर ठरतं, बुशच्या डबीवर छापलेल्या मापावर नाही.

पुढच्या बुशमधली ती ४५.३९ ची जागा मात्र वेगळ्या कारणाची होती. पुढे मशीन शॉपमध्ये बुश काढल्यावर ब्लॉकच्या भोकात छिन्नीचा जुना घाव दिसला. आधीच्या कुठल्यातरी ओव्हरहॉलला कुणीतरी बुश फोडून काढला होता. घावाच्या दोन्ही बाजूंना उचललेलं बीड (ब्लॉकचं ओतीव लोखंड) नव्या बुशला पाठीमागून टोचत होतं. मधल्या बुशची कड पाइपाने ठोकताना आत मुडपली होती. नखाला लागेल एवढी.

समोर असलेले पर्याय

पाच पर्याय चर्चेत होते.

पहिला: कॅमचे जर्नल लेथवर पॉलिश पेपरने उतरवायचे. सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात वाईट. कॅमचा जर्नल कठीण, त्याचा गोलपणा ग्राइंडिंगने आलेला असतो. हाताने पेपर धरून तीन-चार शतांश काढले की गोलपणा जातो, आणि पुढच्या वेळी नवा बुश घातला तर तो याच कॅमला कायम ढिला. बदलायची वस्तू बुश आहे. माप काढायचं तर त्यातूनच.

दुसरा: जुना कॅम वापरायचा. त्याच्या जर्नलला हॅकसॉने तिरप्या खाचा पाडायच्या आणि तोच रीमरसारखा बुशमध्ये फिरवायचा. ही गॅरेजांमधली जुनी युक्ती आहे आणि ती अगदीच टाकाऊ नाही, कारण तिन्ही जर्नल एका रेषेत असल्यामुळे बुशही एका रेषेत कापले जातात. पण जुना कॅम सरळ हवा आणि त्याचे जर्नल झिजलेले नकोत. इथे जुन्याचा मधला जर्नल चार शतांश झिजलेला होता. शिवाय जर्नल ज्या मापाचा, त्याच मापाचा बोअर मिळतो. क्लिअरन्स मिळतच नाही, तो पुन्हा स्क्रेपरने काढावा लागतो.

तिसरा: ॲडजस्टेबल हँड रीमरने एकेक बुश मोठा करायचा.

चौथा: ब्लॉक पुन्हा मशीन शॉपला नेऊन तिन्ही बुश एका सेटिंगमध्ये लाइन बोअर करायचे, म्हणजे एकाच रेषेत आतून कापायचे.

पाचवा: दुसऱ्या बनावटीचा सेट आणून नशीब आजमावायचं. ब्लॉकचं भोक न मोजता हे करणं म्हणजे तोच जुगार दुसऱ्यांदा.

मिस्त्रींनी तिसरा निवडला. रीमर हाताशी होता, ब्लॉक नुकताच धुतलेला होता, आणि मालकाची तारीख जवळ आली होती: गाडी लग्नात हवी होती.

हँड रीमरने काय केलं

पुढच्या बुशमध्ये रीमर थोडा थोडा उघडत तीनदा फिरवला. मधल्या बुशपर्यंत रीमर सरळ पोचत नव्हता, म्हणून त्याची मुडपलेली कड स्क्रेपरने खरवडली आणि आतून हलका हात मारला. कॅम आत गेला, पूर्ण बसला. पण गिअर लावून हाताने फिरवू पाहिलं तर फिरेना. पाना लावावा लागला.

इथे निळं (कुठे घासतं ते दाखवणारा रंग) लावून पाहिलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी पुरावा हाती आला. खूण कुठे पडते ते वाचायचं असतं. कॅम वाकडा असेल तर जर्नलच्या एकाच बाजूला घासल्याची खूण येते आणि बुशला सगळीकडे. बुश रेषेत नसतील तर उलट: खूण बुशच्या एका बाजूला आणि जर्नलला भोवताली. इथे पुढच्या बुशला मागच्या कडेला वरच्या बाजूस खूण होती, मधल्याला खालच्या बाजूस, आणि जर्नल सगळीकडून घासलेले. म्हणजे पुढचा बोअर तिरका कापला गेला होता.

बोअर गेजने तेच सांगितलं. पुढच्या कडेला ४५.५०, मागच्या कडेला ४५.४७. पायलट नसलेला हँड रीमर तोंडाशी डुलतो. तोंड मोठं होतं आणि आतला भाग तिरका राहतो. एका कडेला क्लिअरन्स ०.०६, म्हणजे मर्यादेबाहेर. आता हा बुश वाया गेला होता.

मशीन शॉप

ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये गेला. टर्नरने आधी तिन्ही बुश काढले आणि ब्लॉकची भोकं मोजली. ‘मिस्त्री, तुम्ही बुश मोजलात, ब्लॉक मोजलाच नाही,’ एवढंच म्हणाला आणि छिन्नीच्या घावाची उचललेली कड अर्धगोल स्क्रेपरने उतरवली. भोकात पुढे दोन शतांशाचं ओव्हल होतं. बुश धरून ठेवायला ते चालण्यासारखं होतं.

नवा सेट ठोकला नाही, ओढला. टप्प्याटप्प्याचा मॅन्ड्रेल (बुश सरळ धरणारा गोल दांडा), लांब बोल्ट आणि वॉशर लावून नट आवळत बुश सरळ आत नेला. मॅन्ड्रेलचा खांदा बुशच्या पूर्ण कडेवर टेकतो, म्हणून कड मुडपत नाही.

मग ब्लॉक मोठ्या लेथच्या कॅरेजवर बांधला आणि ३५ मिमीचा ग्राउंड बार दोन सेंटरमध्ये धरून तिन्ही बुशमधून आरपार घेतला. बुश घालायच्या आधीच पुढच्या आणि मागच्या रिकाम्या भोकाला डायल फिरवून ब्लॉकची रेषा बारशी जुळवून ठेवलेली होती. या कामाचा बहुतेक वेळ तिथेच गेला. बारमधल्या खाचेत टूल बिट लावायचं, मायक्रोमीटरने उंची ठरवायची, एक बुश कापायचा, मग ब्लॉक न सोडता बिट पुढच्या जागी. व्यासावर दोन-तीन शतांशाचेच कट, टूलला ताजी धार, वर रॉकेलचे थेंब. व्हाइट मेटल मऊ असतं. बोथट टूल ते कापत नाही, फासतं. शिवाय थर पातळ असतो, एका बाजूला जास्त खाल्लं तर खालचं पोलाद उघडं पडतं. रेषा आधी जुळवण्याचं कारण हेच.

शेवटची मापं: पुढे ४५.४७५, मधे ४३.९५५, मागे ४१.२६. क्लिअरन्स अनुक्रमे ०.०३५, ०.०४ आणि ०.०३५.

तेलाचं भोक

याच टप्प्यावर एक गोष्ट निघाली, जी कॅम पहिल्या फटक्यात बसला असता तर कुणालाच कळली नसती. या इंजिनात रॉकरला जाणारं तेल मागच्या कॅम बुशमधून वर चढतं. गॅरेजमध्ये ठोकलेला पहिला मागचा बुश दोन-अडीच मिमी फिरून बसला होता आणि वर जाणारं भोक निम्मं झाकलं गेलं होतं. बुश काढताना त्याच्या पाठीवर उमटलेल्या अर्धचंद्राने ते उघड केलं. कॅम बसला असता, इंजिन चालू झालं असतं, गेजवर प्रेशरही चांगलं दिसलं असतं, कारण गेज गॅलरीचं, म्हणजे ब्लॉकमधल्या मुख्य तेलवाहिनीचं प्रेशर दाखवतं. रॉकर मात्र अर्धपोटी राहिले असते, आणि मूळ तक्रारच तर रॉकरच्या आवाजाची होती.

दुसऱ्या वेळी बुश ओढायच्या आधी त्याच्या कडेवर आणि ब्लॉकवर मार्करने रेघ मारून घेतली. बसल्यावर प्रत्येक भोकातून तार घातली, हवा मारली, आणि दुसऱ्या टोकाला बोट ठेवून हवा येते का पाहिलं.

मशीनिंगनंतर ब्लॉक पुन्हा पहिल्यापासून धुवावा लागला. गॅलरीचे प्लग काढून लांब ब्रश, डिझेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, आणि लगेच तेलाचा हात. व्हाइट मेटलचा कीस गॅलरीत राहिला तर तो थेट ताज्या ग्राइंड केलेल्या क्रँकवर जातो.

निष्पत्ती

ब्लॉक मागच्या तोंडावर उभा करून कॅम वरून सोडला. स्वतःच्या वजनाने तो खाली बसला. दोन बोटांनी फिरला, कुठेही जड लागला नाही. लोकेटिंग प्लेट आणि गिअर लावून एंड प्ले (कॅमची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.१२ मिमी आला, मर्यादा ०.०७६ ते ०.१७८. लोबना आणि टॅपेटच्या तळांना असेंब्ली पेस्ट, जर्नलना साधं इंजिन ऑईल.

चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवलं. गेजने प्रेशर दाखवेपर्यंत आणि रॉकर कव्हर उघडं ठेवून मागून पुढे सगळे रॉकर ओले होईपर्यंत. पहिल्या चालूला वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवलं, आयडलवर सोडलं नाही. नव्या कॅमला आणि टॅपेटना सुरुवातीला उडणारं तेलच पोसतं, आणि मंद गतीला ते उडत नाही. गरम इंजिनला २००० आरपीएमवर ५२ पीएसआय, आयडलला २०. रॉकरचा आवाज गेला. लग्नाची तारीख मात्र चुकली. वरात दुसऱ्या गाडीतून निघाली.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महागडा क्षण हातोडीचा वाटतो, पण हातोडीने फक्त व्हाइट मेटल फासलं, आणि तो बुश तसाही कापायचाच होता. खरं नुकसान हँड रीमरच्या निर्णयाने झालं. मोजमाप हातात होतं, तिन्ही बुश कमी-जास्त घट्ट आहेत हे दिसत होतं, आणि तरी एकेक बुश सुटा सुधारायचं ठरलं. एकच बुश घट्ट असता आणि बाकी दोन मापात असते, तर त्या दोघांना पायलट करून तिसरा रीम करणं योग्य ठरलं असतं. तिन्ही घट्ट असताना टेकायला काहीच सरळ उरत नाही. तिथेच लाइन बोअरिंगचा निर्णय व्हायला हवा होता. एक सेट आणि काही दिवस वाचले असते.

त्याहून आधीची जागा म्हणजे बोरिंगचा दिवस. ब्लॉक मशीन शॉपमध्येच होता. ‘सिलिंडर बोअर करा’ एवढीच चिठ्ठी गेली. त्याच चिठ्ठीवर ‘कॅम बुश बसवून लाइन बोअर, सोबत कॅम देत आहे’ असं लिहिलं असतं तर एकच फेरी, एकच धुलाई. कॅम सोबत देणं आवश्यक, कारण बोअरचं माप पुस्तकातून नाही, हातातल्या जर्नलवरून काढायचं असतं. विशेषतः कॅम रीग्राइंड केलेला असेल आणि जर्नललाही हात लागला असेल तेव्हा.

दुकानातल्या ‘रेडी साईज’बद्दल: काही सेट खरंच दाबल्यावर मापात बसतात, ब्लॉकची भोकं मूळ मापाची आणि गोल असतील तर. चाळीस वर्षांच्या, दोन-तीनदा उघडलेल्या ब्लॉकबाबत ही अट क्वचितच पुरी होते. म्हणून बुश आणायच्या आधी रिकामं भोक दोन दिशांना मोजून, बुशच्या बाहेरच्या मापाशी ताडून घ्यावं. घट्टपणा जास्त निघाला तर दाबायच्या आधीच कळतं.

बुश काढतानाही छिन्नी टाळावी. जोडाच्या जागी बुशमध्येच हॅकसॉच्या पात्याने, भोकाला न लागेल इतकी, उभी खाच पाडली की बुश आत मिटतो आणि हाताने निघतो. या ब्लॉकमधला जुना घाव ज्याने केला त्याचे पाच मिनिटं वाचले असतील. पुढच्या दोन सेटना ते भोवले.